स्वादुपिंडाच्या आजारांवर संशोधन: डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी एकत्र काम कसं उभारावं

स्वादुपिंडावरचं संशोधन एकट्या डॉक्टरला जमत नाही आणि एकट्या शास्त्रज्ञालाही जमत नाही. याला कारण तो अवयवच आहे. जठराच्या मागे, मणक्याला लागून तो दडलेला असतो. यकृताची बायोप्सी जितक्या सहज होते तितक्या सहज त्याचा तुकडा काढता येत नाही, आणि काढला तरी त्यातलीच पाचक रसायनं तो तुकडा झपाट्याने खराब करतात. रुग्ण, त्याचा सीटी स्कॅन आणि ऑपरेशनमध्ये निघालेला भाग हे सगळं रुग्णालयात असतं. तो भाग वाचायची यंत्रं आणि त्यासाठी लागणारा निवांत वेळ प्रयोगशाळेत असतो.

गॅस्ट्रो किंवा कॅन्सर सर्जरीच्या विभागात काम करणारे डॉक्टर, संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ आणि पीएचडीचे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. आपल्याकडे अशी कामं बहुतेक वेळा दोन संस्थांच्या सामंजस्य कराराने सुरू होतात. फोटो निघतो आणि वर्षभराने फ्रीझरमध्ये चाळीस-पन्नास नळ्या पडून राहतात. माझ्या मते करार शेवटी करावा. आधी प्रश्न ठरवावा, मग व्याख्या आणि फॉर्म, मग सॅम्पल जमा करणारा माणूस.

केरळची गोष्ट आधी समजून घ्या

दारूला कधी शिवलेली नाहीत अशी तरुण मुलं, पोटात असह्य कळ, स्वादुपिंडात खडे आणि काही वर्षांत मधुमेह. १९५९ मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं. पुढच्या दशकात केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांच्या मोठ्या संख्येने नोंदी केल्या. कुपोषण आणि कसावा, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, यांवर बोट ठेवलं गेलं. कसावाच्या कल्पनेला पुढच्या अभ्यासांत पुरेसा आधार मिळाला नाही.

दिशा बदलली ती जनुकांचे अभ्यास रुग्णालयांच्या नोंदींना जोडले गेल्यावर. १९९६ मध्ये अमेरिकेत व्हिटकॉम्ब यांच्या गटाने आनुवंशिक पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याच्या आजाराच्या, कुटुंबांत ट्रिप्सिनोजेनच्या (ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमच्या निष्क्रिय रूपाच्या) जनुकातला बदल शोधला. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक आणि डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्यासारखे पोटविकारतज्ज्ञ यांनी मिळून दाखवलं की आपल्याकडच्या खडेवाल्या रुग्णांमध्ये तो बदल दिसत नाही, दिसतो तो स्पिंक-१ या जनुकातला. ट्रिप्सिन वेळेआधी जागं होऊन स्वादुपिंडालाच पचवू नये म्हणून त्याला लगाम घालणारं प्रथिन हे जनुक बनवतं. लखनौच्या गटानेही त्याच वर्षी तसंच दाखवलं. हाच बदल काही निरोगी माणसांतही सापडतो, म्हणून तो एकटा आजार घडवत नाही. पण रुग्णालयात नीट निवडलेले रुग्ण नसते तर हे प्रयोगशाळेला कळलं नसतं, आणि प्रयोगशाळा नसती तर रुग्णालय अजून आहारावरच बोलत राहिलं असतं.

पायरी १: एकच प्रश्न, एका पानावर

‘स्वादुपिंडाच्या आजारांचा जनुकीय अभ्यास’ हा प्रश्न होत नाही, ते नुसतं शीर्षक आहे. त्याऐवजी असं लिहा: चाळिशीच्या आतल्या, दारू न पिणाऱ्या, खडे असलेल्या रुग्णांपैकी पुढच्या पाच वर्षांत मधुमेह कोणाला होतो, आणि आजच्या रक्तात त्याची चाहूल लागते का? यात रुग्ण कोण, काय मोजायचं आणि किती काळ थांबायचं हे तिन्ही आलं.

प्रश्न दोन कसोट्यांवर घासून घ्या. डॉक्टरने विचारावं, उत्तर मिळालं तर माझ्या ओपीडीत काय बदलेल? शास्त्रज्ञाने विचारावं, हे मोजायची पद्धत आज माझ्या हाती आहे का, आणि किती रुग्ण लागतील? दुसऱ्या प्रश्नासाठी पहिल्याच बैठकीला संख्याशास्त्रज्ञ बोलवा. सॅम्पल जमल्यावर त्यांच्याकडे गेलात तर ते फक्त काय चुकलं तेवढं सांगू शकतील.

प्रश्न निवडताना आपल्याकडे कोणते रुग्ण येतात ते पाहा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं होतात, तिथे टिश्यूवर आधारलेला प्रश्न शोभतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अक्यूट (अचानक उठलेल्या) पॅन्क्रियाटायटिसचे रुग्ण भरपूर येतात पण टिश्यू जवळजवळ मिळत नाही, तेव्हा तिथे पहिल्या ४८ तासांच्या रक्ताचा अभ्यास करावा. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह झालेल्यांपैकी थोड्यांच्या मुळाशी स्वादुपिंडाचा कॅन्सर असतो. हा प्रश्न मधुमेहाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच सुटू शकतो, पण त्याला माणसं फार लागतात. अमेरिकेत २०१५ मध्ये क्रॉनिक (वर्षानुवर्षं चालणारा) पॅन्क्रियाटायटिस, मधुमेह आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर अशा तिन्हींसाठी मिळून एक समूह सरकारी निधीतून उभा राहिला. त्याने या एका प्रश्नासाठी १०,००० लोकांचं लक्ष्य ठेवलं. एका विभागाने असा प्रश्न एकट्याने अंगावर घेऊ नये.

पायरी २: व्याख्या आणि फॉर्म

सर्वात जास्त वेळ इथे द्या. ‘पॅन्क्रियाटायटिस’ म्हणून दाखल झालेल्या प्रत्येकाला पॅन्क्रियाटायटिस असतोच असं नाही. अक्यूटसाठी २०१२ ची सुधारित अटलांटा व्याख्या वापरा: ठरावीक प्रकारची पोटदुखी, रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडातली पाचक एन्झाइम्स) वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि स्कॅनवर दिसणारा बदल, या तिन्हींपैकी दोन. वेगवेगळ्या लॅबच्या वरच्या मर्यादा वेगळ्या असतात. म्हणून फॉर्मवर ‘वाढलेलं: हो/नाही’ असं विचारू नका. मिळालेला आकडा लिहा आणि शेजारी त्या लॅबची मर्यादाही लिहा.

रुग्णांचं वर्णन ढिलं राहिलं तर काय होतं ते अँटिऑक्सिडंटच्या दोन अभ्यासांत दिसतं. २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसच्या १२७ रुग्णांवरच्या चाचणीत अँटिऑक्सिडंटमुळे दुखणं कमी झालेलं आढळलं. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या चाचणीत फरक दिसला नाही. दिल्लीचे रुग्ण तरुण होते आणि बहुतेकांच्या आजाराचं कारण सापडलेलं नव्हतं. मँचेस्टरचे बहुतेक दारूमुळे आजारी पडलेले होते. एकच औषध, एकच निदान, तरी माणसं वेगळी. दोन्ही गटांनी आपले रुग्ण कोण हे नेटकं लिहून ठेवलं होतं म्हणून आज यावर विचार तरी करता येतो. २००८ मध्ये आलेल्या देशभराच्या पाहणीत क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसचे १,०८६ रुग्ण होते. त्यात सुमारे ६० टक्क्यांच्या आजाराचं कारण सापडलं नाही आणि जवळपास ३९ टक्क्यांचं कारण दारू होतं. जुन्या वर्णनातला केरळी प्रकार चार टक्क्यांच्याही आत होता. म्हणजे पुस्तकातला ‘नेहमीचा’ भारतीय रुग्ण आता आपल्या ओपीडीत फारसा उरलेला नाही.

आता फॉर्ममधला दारूचा रकाना. परदेशी फॉर्मवर ‘आठवड्याला किती ड्रिंक्स’ असं असतं. आपल्या वॉर्डात पेशंट म्हणतो, “कधीमधी घेतो, डॉक्टर.” शेजारी बायको उभी असते, ती छताकडे पाहते. त्या क्षणी रकान्यात ‘अधूनमधून’ लिहिलं की पुढची सगळी गणितं चुकली. पेशंटला एकट्याने बसवून विचारा: देशी, विदेशी, ताडी की हातभट्टी? क्वार्टर किती जणांत? रोज की बाजाराच्या दिवशी? पहिल्यांदा कितव्या वर्षी? शेवटची कधी? मग हिशोब करता येतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम होतं. ६५० मिलीच्या, पाच टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम. हातभट्टीत किती टक्के हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिचा रकाना वेगळाच ठेवा. अंदाजाचा आकडा त्यात कोंबू नका.

तंबाखूचंही तेच. ‘स्मोकिंग: नाही’ असं लिहून आपण विडी, गायछाप, गुटखा आणि बायकांची मिश्री सगळं एका फटक्यात गाळतो. धूम्रपान हा क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर दोन्हींचा धोका वाढवतो हे नक्की आहे. बिनधुराच्या तंबाखूबद्दल आपल्याकडे विचारलंच गेलं नाही तर त्याचं उत्तर कधीच मिळणार नाही.

फॉर्म तीन पानांपेक्षा मोठा करू नका. वीस रुग्णांवर तो भरून पाहा आणि जे रकाने सतत रिकामे राहतात ते काढून टाका. माहिती रेडकॅपसारख्या प्रणालीत भरा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तयार केलेली ही प्रणाली ना-नफा संस्थांना मोफत मिळते. एक्सेलची एकच फाइल चौघांच्या लॅपटॉपवर चार नावांनी फिरू लागली की कोणती खरी हे कोणीच सांगू शकत नाही.

पायरी ३: मधला माणूस

सगळं काम ज्याच्यावर उभं राहतं तो संशोधन समन्वयक असतो. ही नर्स असू शकते, जीवशास्त्रात एमएस्सी झालेली मुलगी असू शकते, पण तिचं पूर्ण वेळ काम हेच असलं पाहिजे. रेसिडेंट डॉक्टरवर हे टाकू नका. छत्तीस तासांच्या ड्युटीवर असलेला मुलगा आधी रुग्ण सांभाळणार, आणि तेच बरोबर आहे.

समन्वयकाला वॉर्डातली प्रत्येक सिस्टर, सीटी स्कॅनचा टेक्निशियन, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) अटेंडंट आणि लॅबमधला पीएचडी विद्यार्थी नावाने ओळखता आला पाहिजे. निधीच्या अर्जात पहिला खर्च तिच्या पगाराचा लिहा, यंत्राचा नंतर. यंत्र दुसऱ्या संस्थेत जाऊन वापरता येतं. समन्वयक उसनी मिळत नाही.

पायरी ४: परवानग्या आणि कन्सेंट

एथिक्स कमिटी नोंदणीकृत आहे याची खात्री करा. दोन संस्था असतील तर दोन्हींच्या कमिट्यांकडे एकाच वेळी अर्ज करा. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हा पाया धरा. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी झालीच पाहिजे. परदेशी संस्था सहभागी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आधी तयार करा.

कन्सेंट मराठीत, बोलीला जवळचं आणि मोठ्या अक्षरांत असावं. रुग्णाला तीन वेगळे होकार विचारा: या अभ्यासासाठी सॅम्पल, पुढच्या अभ्यासांसाठी ते जपून ठेवणं, आणि जनुकीय तपासणी. अक्यूट पॅन्क्रियाटायटिसचा पेशंट पहिल्या रात्री वेदनेने तळमळत असतो. तेव्हा नातेवाईकाची परवानगी घ्यावी लागली तर पेशंट सावरल्यावर त्याला स्वतःला पुन्हा विचारा. तो नको म्हणाला तर सॅम्पल नष्ट करा.

जनुकीय निकालाचं काय करायचं हे कमिटीसमोर जाण्याआधीच ठरवा. आनुवंशिक प्रकार सापडला तर तो फक्त त्या मुलाचा राहत नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यांतही तो येतो, आणि हा धोका आपल्या घरांत खरा आहे. निकाल सांगायचा की नाही, कोणाला, कोण सांगणार, समुपदेशक कोण, हे लिहून ठेवल्याशिवाय जनुकीय तपासणी सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

पायरी ५: सॅम्पलचा प्रवास

रक्त सोपं वाटतं, आणि तिथेच दुर्लक्ष होतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी घ्या, आठ-दहा वेळा हळूच उलटी करा, जोरात हलवू नका, नाहीतर रक्तपेशी फुटून प्लाझ्मा लालसर होतो. दोन तासांच्या आत थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा. प्लाझ्मा एका मोठ्या नळीत ठेवू नका. त्याचे अर्धा-अर्धा मिलीचे भाग करून उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवा, कारण एका चाचणीसाठी संपूर्ण नळी वितळवली आणि पुन्हा गोठवली तर पुढच्या चाचण्यांना ती निरुपयोगी ठरू शकते. रक्त काढल्याची, फिरवल्याची आणि गोठवल्याची अशा तीन वेळा लिहा. साधी कागदी लेबलं त्या थंडीत गळून पडतात, म्हणून क्रायो लेबलच लावा. फ्रीझरला जनरेटरचं कनेक्शन आणि तापमान वाढल्यावर मोबाइलवर येणारा अलार्म हवाच. रात्री दोनला तो फोन कोण उचलणार त्याचं नाव फ्रीझरच्या दारावर लिहा.

टिश्यूला जास्त शिस्त लागते. व्हिपलच्या, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या, ऑपरेशनमध्ये सर्जन रक्तवाहिनी बांधतो तेव्हापासून घड्याळ सुरू होतं. स्वादुपिंडात आरएनए तोडणारी एन्झाइम्स इतकी असतात की काही मिनिटांतच आरएनए खराब होऊ लागतो. त्या दिवशी समन्वयक ओटीच्या दाराशी उभी हवी, हातात बर्फाचा डबा आणि द्रव नायट्रोजनचा छोटा फ्लास्क. पण चाकू तिच्या किंवा शास्त्रज्ञाच्या हातात कधीही नको. नमुना आधी पॅथॉलॉजिस्टकडे जातो. कॅन्सर कडेपर्यंत पोचला आहे का हे त्यांना पाहायचं असतं आणि पेशंटचा पुढचा उपचार त्यावर ठरतो. त्यांचं झालं की तेच उरलेल्या भागातून एक तुकडा देतील. म्हणून पॅथॉलॉजिस्टला पहिल्या दिवसापासून भागीदार करा आणि पेपरवर त्यांचं नाव ठेवा.

तुकडा मिळाला म्हणजे कॅन्सर मिळाला असंही नाही. या कॅन्सरमध्ये तंतुमय ऊती फार असते आणि त्यात कॅन्सरच्या पेशी विखुरलेल्या असतात. प्रत्येक गोठवलेल्या तुकड्याचा एक पातळ काप स्लाइडवर पाहून कॅन्सर पेशींचं प्रमाण लिहून घ्या. हे केलं नाही तर ९० टक्क्यांहून जास्त ट्यूमरमध्ये असणारा केरास जनुकातला बदलही तुम्हाला ‘सापडला नाही’ असं वाटू शकतं. रक्तातला सीए १९-९ (या कॅन्सरमध्ये वाढणारा पदार्थ) तपासत असाल तर काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ मुळात तयारच होत नाही हे शास्त्रज्ञाला आधी सांगा. त्यांचा आकडा कॅन्सर असूनही कमीच येतो.

पायरी ६: बैठक, आणि नावं

दर पंधरवड्याला एक तास, ठरलेल्या वारी. पहिली वीस मिनिटं एक पेशंट: स्कॅन पडद्यावर लावून डॉक्टर बोलतील, शास्त्रज्ञ विचारतील. नंतर एक आलेख: शास्त्रज्ञ बोलतील, डॉक्टर विचारतील. उरलेल्या वेळात समन्वयकाच्या अडचणी. वर्षातून एक आठवडा पीएचडीच्या विद्यार्थ्याने ओपीडीत आणि एंडोस्कोपी रूममध्ये बसावं, आणि रेसिडेंटने लॅबमध्ये. रात्रभर उशी पोटाशी धरून बसणारा पेशंट एकदा पाहिला की दुखण्याचा आकडा फक्त रकाना राहत नाही.

लेखकांच्या नावांवरून चांगली पथकं फुटतात. एमडी-एमएसच्या रेसिडेंटकडे थीसिससाठी तीन वर्षं असतात, पीएचडीवाल्याकडे पाच किंवा जास्त. दोघांना एकच पेपर वाटून देऊ नका. रेसिडेंटला लवकर पूर्ण होणारा क्लिनिकल भाग द्या, विद्यार्थ्याला जनुकीय किंवा प्रथिनांचा. पहिला लेखक कोण, शेवटचा कोण, हे काम सुरू होण्याआधी लिहून सह्या घ्या आणि दर वर्षी पुन्हा वाचा. फक्त सॅम्पल पाठवणाऱ्या रुग्णालयाला शेवटी आभारांत ढकलायचं असेल तर तेही त्यांना आधीच सांगा. त्यांना ते मान्य नसेल, आणि तो त्यांचा हक्क आहे.

पायरी ७: दुसरं रुग्णालय जोडणं

एका केंद्राचे रुग्ण अपुरे पडतातच. नेदरलँडसारख्या लहान देशातल्या पॅन्क्रियाटायटिस गटाने हे कसं करायचं ते दाखवलं. त्यांनी १५ रुग्णालयांत मिळून गंभीर अक्यूट पॅन्क्रियाटायटिसमध्ये प्रोबायोटिक्स (पचनाला उपयोगी मानले जाणारे जिवाणू) देऊन पाहिले. सगळ्यांना ते निरुपद्रवी वाटत होते. २००८ मध्ये निकाल आला: प्रोबायोटिक्स घेतलेल्यांत १६ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत ६ टक्के. नऊ जणांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. गटाने हा निकाल ठळकपणे छापला. त्याच गटाने २०१० मध्ये ८८ रुग्णांवरच्या चाचणीत दाखवलं की स्वादुपिंडाचा मेलेला, संसर्ग झालेला भाग काढायला लगेच पोट उघडण्यापेक्षा आधी नळी घालून निचरा करणं बरं. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ६९ टक्क्यांवरून ४० वर आले. ३५ टक्के रुग्णांना निचऱ्यानंतर काहीच करावं लागलं नाही. आज जगभर हीच पद्धत वापरतात.

महाराष्ट्रात जोडायला जागा आहेत. टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, पुण्यातली एनसीसीएस (पेशीविज्ञान संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), मुंबई-पुण्याची मोठी शिक्षण रुग्णालयं, आणि देशभरच्या केंद्रांना बांधणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड. सुरुवात दोन रुग्णालयं आणि एका प्रयोगशाळेने करा. दुसऱ्या रुग्णालयात पहिले दहा सॅम्पल तुमच्याच समन्वयकाने तिथे जाऊन घ्यावेत. मग तिथला माणूस शिकेल. उपचाराची चाचणी असेल तर स्वतंत्र सुरक्षा मंडळ नेमा आणि अंतरिम आकडे कोणत्या पातळीला गेले की चाचणी थांबवायची हे पहिल्या रुग्णाआधी लिहून ठेवा.

एक काम सगळे विसरतात. निधी संपला, प्रमुख डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले किंवा निवृत्त झाले, तर त्या नळ्या कोणाच्या? कन्सेंट पेशंटने संस्थेला दिलेला असतो, डॉक्टरला नाही. म्हणून ताबा कोणत्या विभागाकडे जाईल, फ्रीझरची वीज कोण भरेल, नळी मागणाऱ्याला कोणत्या समितीकडे अर्ज करावा लागेल आणि किती वर्षांनी उरलेलं नष्ट करायचं, हे चार मुद्दे सामंजस्य कराराच्या पहिल्या पानावर लिहा. अभ्यास संपला की सहभागी रुग्णांना मराठीत एका पानाचं पत्र पाठवा: काय शोधलं, काय सापडलं, काय सापडलं नाही, आणि पुढच्या तपासणीसाठी कोणत्या ओपीडीत, कोणत्या वारी यायचं.